भिंतीवरच्या शेतकरणी

घराच्या भिंतीवर कोणतीं चित्रें टांगलेलीं आहेत यावरून त्या घरच्या माणसांची आवड पुष्कळदां कळून येते. आपल्या महाराष्ट्रीय घरांत देवघरापासून दिवाणखान्यापर्यंत अनेक पिढ्या राजा रविवर्म्याच्या लक्ष्मीसरस्वतींनीं राज्य केलें. १८९४ सालीं मुंबईंत सुरू झालेला आणि पुढें लोणावळ्याजवळ मळवलीस नेलेला त्यांचा शिळाछापखाना चालूं लागला, तेव्हांपासून हीं रंगीत चित्रें अल्प किंमतींत घरोघर पोहोंचलीं. देवतांच्या मागोमाग शकुंतला आली, दमयंती आली, आणि त्यांनींहि आपापली जागा धरली. परंतु गुडघाभर चिखलांत उभी राहून भाताचीं रोपें लावणारी, किंवा डोक्यावर कडब्याचा भारा घेऊन बांधावरून चालणारी बाई आपल्या भिंतीवर क्वचितच आढळेल. ती रोज डोळ्यांसमोर असते. म्हणूनच कदाचित् तिचें चित्र लावावें असें कोणास वाटलें नसावें.

विलायतेंत मात्र एक काळ असा आला कीं, शेतांत राबणाऱ्या स्त्रियांचीं चित्रें सरकारनें मुद्दाम काढवून घेतलीं, छापलीं, आणि गांवोगांवच्या भिंतींवर चिकटवलीं. दुसऱ्या महायुद्धाचा तो काळ. युद्ध संपून आतां ऐशी वर्षें उलटून गेलीं, तरी त्या चित्रांची हौस ओसरलेली नाहीं. त्यांच्या नव्या प्रती आज चौकटींत बसवून लोक बैठकीच्या खोलींत लावतात, स्वयंपाकघरांत लावतात. चहाच्या पेल्यांवर आणि हातपुसण्यांवरहि त्याच मुली हंसत असतात. गेल्या उन्हाळ्यांत इंग्लंडच्या प्रवासांत हीं चित्रें, आणि त्यांपैकीं कांहींची जन्मभूमि, आम्हांस पाहावयास मिळाली. त्याची हकीकत आमच्या वाचकांस, विशेषतः ज्यांच्या घरीं अजून गांवाकडे चार बिघे जमीन आहे त्यांस, रुचेल असें वाटतें.

आमच्या मंडळींत आम्ही उभयतां, आमच्या वडील वहिनी, आणि लंडनला शिकत असलेली त्यांची नात, अशीं चौघें होतों. वहिनींविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. आमचे वडील बंधु नाशकास शिक्षक होते. निफाड तालुक्यांतील घरची शेती आणि गोठा वहिनींनींच तीसपस्तीस वर्षें पाहिला. पेरणीची वाफ ओळखण्यापासून व्यालेल्या गाईचा पहिला चीक काढण्यापर्यंत त्यांच्या हातून न झालेलें काम नाहीं. तेव्हां राजवाडे, पूल आणि मनोरे पाहून झाल्यावर, "अग, येथें कोणी शेती करतें कीं नाहीं?" असें त्यांनीं नातीस विचारलें, यांत नवल तें काय? त्यावर नातीनें आम्हांस जेथें नेलें तें ठिकाण मात्र शेतीचें नव्हतें; युद्धाचें होतें.

थेम्स नदीच्या दक्षिणेस लॅम्बेथ भागांत इंपीरियल वॉर म्यूझियम नांवाचें संग्रहालय आहे. संस्था १९१७ सालची, म्हणजे पहिलें महायुद्ध चालू असतांनाच स्थापन झालेली. तिची हल्लींची घुमटाची आणि भव्य खांबांची इमारत पूर्वीं बेथलेम नांवाचें वेड्यांचें इस्पितळ होती. तें इस्पितळ १९३० सालीं दुसरीकडे गेलें, आणि १९३६ पासून येथें संग्रहालय नांदत आहे. दारासमोरील हिरवळीवर आरमाराच्या दोन प्रचंड तोफा तोंड वर करून उभ्या आहेत. त्यांच्या तोंडाचा व्यास पंधरा इंच. नातीनें इमारतीचा पूर्वेतिहास सांगितला तेव्हां वहिनी तोफांकडे पाहून एवढेंच म्हणाल्या, "जागा बरी शोधली हो यांनीं!"

आंत विमानें, रणगाडे, बाँब, सैनिकांचीं पत्रें असा अफाट संग्रह आहे. त्याचें वर्णन आम्ही येथें करीत नाहीं. आमचे पाय अडखळले ते विक्रीच्या दालनांत. तेथें युद्धकालीन जाहिरातींच्या प्रती मांडलेल्या होत्या, आणि त्यांत शेतकरणींच्या चित्रांची एक रांगच होती. अंगांत हिरवी लोकरी बंडी, तपकिरी विजार, डोक्यावर रुंद कांठाची टोपी, हातांत गवत उचलण्याचा लांब दांड्याचा कांटा. मागें पिकलेलें शेत आणि निरभ्र आकाश. आणि चेहऱ्यावर असें हंसूं कीं जणूं काय ही मुलगी वनभोजनास निघाली आहे. क्लाइव्ह अप्टन या चित्रकाराच्या एका प्रसिद्ध जाहिरातींत तर, निरोगी आणि आनंदी काम हवें असेल तर या सेनेंत या, असें सरळ आमंत्रणच आहे.

ही सेना म्हणजे 'विमेन्स लँड आर्मी'. शब्दशः अर्थ घेतला तर भूसेना. पण ही सेना लढणारी नव्हे, पिकवणारी, म्हणून आम्ही तिला कृषिसेना म्हणूं. तिची गरज कां पडली हें समजून घेतल्यावांचून तीं चित्रें समजणार नाहींत. इंग्लंड हा कारखान्यांचा देश. १९३९ पूर्वीं तो आपल्या अन्नाचा निम्म्याहून मोठा भाग परदेशांतून बोटींनीं आणीत असे. युद्ध सुरू झालें आणि जर्मन पाणबुड्या त्या बोटी बुडवूं लागल्या. इकडे शेतांवरचे तरुण पुरुष सैन्यांत गेले. जानेवारी १९४० पासून लोणी, साखर वगैरे जिन्नस शिधापत्रिकेवर मिळूं लागले. कुरणें नांगरून धान्य आणि बटाटे लावणें भाग झालें, आणि युद्धाच्या काळांत सुमारें साठ लाख एकर जमीन नव्यानें नांगराखालीं आली. नांगर होते, जमीन होती. हात मात्र नव्हते. ते हात स्त्रियांचे असावेत अशी योजना झाली.

ही कल्पना अगदींच नवी नव्हती. पहिल्या महायुद्धांत १९१७ सालीं अशीच सेना उभारली गेली होती, आणि त्या वेळच्या एका जाहिरातींत नांगर हांकणारी स्त्री दाखवून तिच्या नांगरास देवाचा आशीर्वाद मागितला होता. बाईनें नांगरास हात लावूं नये, पाऊस रुसतो, असें मानणाऱ्या मुलखांतून गेलेल्या आम्हांस तें चित्र पाहून कौतुक वाटलें. १९१९ सालीं ती सेना मोडली आणि जून १९३९ मध्यें, म्हणजे दुसरें युद्ध पेटण्याच्या आधींच, पुन्हां उभी राहिली. तिचें नेतृत्व लेडी गर्ट्रूड डेन्मन या कर्तृत्ववान् बाईंकडे आलें. त्यांनीं ससेक्स परगण्यांतील 'बाल्कंब प्लेस' हें आपलें राहतें घरच या कामासाठीं दिलें, आणि सगळ्या देशाचा कारभार तेथून चाले. डिसेंबर १९४१ मध्यें अविवाहित तरुणींस राष्ट्रसेवेचें काम सक्तीचें करणारा कायदा झाला. त्यानंतर संख्या झपाट्यानें वाढून पुढें ८०,००० च्या वर गेली. १९३९ ते १९५० या अवधींत एकंदर दोन लाखांवर स्त्रिया या सेनेंत काम करून गेल्या. त्यांत दुकानांत माल विकणाऱ्या होत्या, केस विंचरून देणाऱ्या होत्या, कचेरींतल्या टंकलेखिका होत्या. एक तृतीयांशाहून अधिक मुली लंडन आणि इतर मोठ्या शहरांतल्या. कित्येकींनीं गाय जवळून पाहिलेली नव्हती.

जाहिरातींतल्या हंसऱ्या मुलीला पगार किती होता? आरंभीं आठवड्याचे २८ शिलिंग. त्यांतून राहण्याजेवणाचे १४ वजा होत. शेतावरच्या पुरुष मजुरास त्याच सुमारास आठवड्याचे ३८ शिलिंग मिळत. काम आठवड्यास ४८ तास, सुगींत त्याहूनहि अधिक. पहांटे उठून दूध काढावयाचें, शेण उपसावयाचें, पावसांत बटाटे खणावयाचे, गोठलेल्या जमिनींतून गाजरें आणि सलगम उपटावयाचे, धान्याच्या गंजींत शिरलेले उंदीर मारावयाचे. जंगलतोडीसाठीं १९४२ पासून निराळी तुकडी निघाली, आणि तिच्यांतल्या मुली करवती आणि कुऱ्हाडी चालवूं लागल्या. शेतमालकांपैकीं पुष्कळांना प्रथम या मुली म्हणजे घरांत आलेली पीडाच वाटली. एकदोन हंगाम गेल्यावर मात्र, त्या नसत्या तर पीक शेतांतच कुजलें असतें, असें तेच सांगूं लागले.

जाहिरातीच्या चित्राला यांतलें थोडेंच सांगतां येतें, आणि त्याचा हेतूहि तो नव्हे. लॉरा नाइट या ख्यातनाम चित्रकर्त्रीची एक गोष्ट यासंबंधांत मोठी मौजेची आहे. कृषिसेनेच्या जाहिरातीसाठीं त्यांना चित्र काढावयास सांगितलें, तेव्हां त्यांनीं सफोक जातीचे दोन धिप्पाड घोडे आणि नांगर भाड्यानें आणून उघड्यावर चित्र रंगवलें. परंतु अधिकाऱ्यांनीं तें परत केलें. कारण चित्रांत मुलीपेक्षां घोड्यांचेंच तेज अधिक पडलें होतें! मग नाइटबाईंनीं एकट्या स्त्रीचें दुसरें चित्र करून दिलें, तेव्हां तें पसंत झालें. मुलीनें उठून दिसलें पाहिजे, तिला पाहून दुसऱ्या मुलीस यावेंसें वाटलें पाहिजे; कामाचा कष्ट आणि जनावराची ताकद तूर्त मागें राहिली तरी चालेल, असा हा हिशेब होता.

याच्या अगदीं उलट जातीचीं चित्रें पाहावयाचीं असतील तर एव्हेलिन डनबार यांच्याकडे वळावें लागतें. डनबारबाई १९०६ सालीं जन्मल्या आणि १९६० सालीं वारल्या. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्यें त्यांचें शिक्षण झालें. युद्धाच्या नोंदी चित्ररूपानें राहाव्यात म्हणून सरकारनें एक समिति नेमली होती. तिनें १९४० सालीं त्यांस काम दिलें, आणि युद्ध संपेपर्यंत तें सतत चालूं ठेवलें. स्त्री चित्रकारांत असा योग फार थोड्यांच्या वांट्यास आला. रणांगणावर तोफा आणि विमानें रंगवणारे पुष्कळ होते. डनबारबाईंनीं घरच्या आघाडीवरच्या बायका निवडल्या. मासळीच्या दुकानापुढील रांग, फळें डब्यांत भरून टिकवण्याचें प्रात्यक्षिक, आणि सर्वांत अधिक म्हणजे कृषिसेनेच्या मुली, हे त्यांचे विषय.

त्यांचें एक चित्र नातीनें आम्हांस दाखवलें, आणि आमच्या मंडळींत एकदम हंशा पिकला. चित्र १९४० सालचें, याच संग्रहालयाच्या मालकीचें, आणि विषय 'कृत्रिम कासेवर धार काढण्याचा सराव'. लांकडी चौकटीला कापडी पिशव्या टांगलेल्या, त्यांना खालीं रबराचे सड, आणि पुढें बसलेल्या मुली गंभीर चेहऱ्यानें त्या सडांतून बादलींत धार काढताहेत! शहरांतून आलेल्या मुलीला एकदम गाईखालीं बसवलें तर गाईचेंहि हाल आणि मुलीचेहि. म्हणून ही युक्ति. वहिनी बराच वेळ हंसत होत्या. मग म्हणाल्या, "सगळें खरें, पण पिशवी कधीं पान्हा चोरते का? लाथ मारते का? वासराकडे मान वळवून उभी राहते का? खरी परीक्षा पुढेंच!" आणि थोड्या वेळानें, हंसूं ओसरल्यावर, त्या पुन्हां त्या चित्रापाशीं गेल्या.

हें चित्र जेथें सुचलें तें ठिकाण पाहावें अशी इच्छा त्यांनींच बोलून दाखवली. डनबारबाईंनीं पहिलीं चित्रें केलीं तीं हँपशायर परगण्यांत, विंचेस्टरजवळच्या स्पार्शोल्ट येथील कृषिशाळेंत. कृषिसेनेच्या मुलींना तेथें महिनाभराचें शिक्षण देऊन मग शेतांवर धाडीत. लंडनच्या वॉटर्लू स्टेशनांतून विंचेस्टर तासाभराच्या अंतरावर आहे. विंचेस्टर ही आल्फ्रेड राजाची जुनी राजधानी. गांवाच्या एका टोकास त्याचा हातांत तलवार धरलेला उंच पुतळा आहे, लांबलचक कॅथीड्रल आहे, आणि मधून इचेन नदीचें इतकें स्वच्छ पाणी वाहतें कीं तळाचे गोटे मोजावेत. तेथून तीनचार मैलांवर स्पार्शोल्ट.

हा मुलूख खडूच्या टेकड्यांचा आहे. वर पातळ माती, खालीं पांढरा शुभ्र खडू. नांगरलेल्या शेतांत गारगोट्या चमकतात. आपल्या देशावरील काळ्या जमिनीस सरावलेल्या डोळ्यांना ती माती आजारी वाटते. वहिनींनीं बांधाकडेची चिमूटभर माती उचलून बोटांत चोळून पाहिली आणि पुन्हां जागच्या जागीं टाकली. टेकड्या आपल्यासारख्या उभ्या नाहींत; निजलेल्या जनावराच्या पाठीसारख्या गोल उतरत जातात. माथ्यावर बीच वृक्षांचे दाट पुंजके, उतारावर गहूं आणि जव, आणि कुरणांत विसांवलेलीं गुरें. जुन्या कृषिशाळेचें आतां मोठें महाविद्यालय झालें असून शेती, पशुपालन आणि बागकाम शिकण्यास मुलगे आणि मुली दोघेंहि तेथें येतात. रस्त्यानें जातांना पोलादी रंगाच्या ट्रॅक्टरवर बसलेली एक अठरा-वीस वर्षांची मुलगी आम्हांस दिसली. तिच्याकडे कोणी वळून पाहत नव्हतें. आम्हीच काय ते पाहत होतों.

याच शाळेंतील मायकेल ग्रीनहिल नांवाच्या शिक्षकानें नवशिक्यांसाठीं शेतकामाचें एक पुस्तक लिहिलें, आणि १९४२ सालीं तें डनबारबाईंच्या चित्रांसह प्रसिद्ध झालें. त्यांत काम करण्याची बरोबर रीत आणि चुकीची रीत शेजारीं शेजारीं काढून दाखवली आहे. त्यांच्या मोठ्या चित्रांतहि हीच दृष्टि आहे. १९४० च्याच एका चित्रांत कापलेल्या धान्याच्या पेंढ्या एकमेकींस टेकवून उभ्या करण्याचें काम चाललें आहे. पुरुष सराईतपणें करीत आहेत, आणि मुली शिकत आहेत. पेंढी नुसती उभी करणें यांत शिकण्यासारखें काय, असें शहरांतल्या माणसास वाटेल. पण ती नीट टेकली नाहीं तर वाऱ्यानें पडते, आंत पाणी शिरतें, आणि दाण्याला मोड येतात, हें शेतकऱ्याच्या घरीं सांगावें लागत नाहीं.

डनबारबाईंचें सर्वांत प्रसिद्ध चित्र १९४५ सालचें असून तें टेट या संग्रहालयाच्या मालकीचें आहे. तेंहि याच टेकड्यांवरचें. पहांटेचा विस्तीर्ण प्रकाश पसरला आहे. कुरणांतच दूध काढण्यासाठीं चाकांवरची हलती छपरी उभी आहे, आणि एका मुलीला कळपांतला वळू पकडून बांधावयाचा आहे. एका हातानें ती चाऱ्याची बादली पुढें करते. दुसऱ्या हातांतील साखळी पाठीमागें लपवलेली आहे. वळू टप्प्यांत आला कीं त्याच्या नाकांतील कडींत ती अडकवावयाची. हात थोडा आधीं हलला तर वळू बुजेल. थोडा उशिरां हलला तर काय होईल हें सांगावयास नको. मुलीच्या चेहऱ्यावर जाहिरातींतलें हंसूं नाहीं. तिचें सारें लक्ष वळूकडे आहे. आम्हांस हें चित्र पाहतांना आपल्याकडील वेसण घालणाऱ्या गड्यांची आठवण झाली. तेहि त्या वेळीं बोलत नाहींत.

उत्तरेकडे मँचेस्टरच्या कलासंग्रहालयाकडेहि यांपैकीं कांहीं चित्रें आहेत. बर्विक येथें बटाटे निवडणाऱ्या स्त्रिया, मॉनमथशायरमध्यें कोबीच्या बारीक गड्ड्या खुडणाऱ्या मुली, आणि केंट परगण्यांतील ईस्ट मॉलिंग येथें फळझाडांची छाटणी करणाऱ्या मुली, असे त्यांचे विषय. छाटणी थंडींत करावयाची असते. झाडांवर पान नसतें, आणि हातांतल्या लोखंडी कात्रीनें बोटें बधिर होतात. तरी कोणता डोळा ठेवावा आणि कोणती फांदी कापावी हें पाहूनच कात्री चालवावी लागते. निफाडच्या द्राक्षबागांत हेंच ज्ञान चालतें. तेथें एका चुकीच्या कापाची किंमत पुढच्या हंगामांत मोजावी लागते.

हीं चित्रें पाहतांना सनांकडे आमचें लक्ष वारंवार जाई. बटाट्यांचें आणि कोबीचें चित्र १९४३ सालचें. त्याच १९४३ सालीं, त्याच साम्राज्याच्या छत्राखालीं, बंगालमध्यें दुष्काळ पडला होता. त्यांत आणि त्यामागून आलेल्या रोगराईंत तीस लाखांपर्यंत माणसें मेलीं असे अंदाज आहेत. धान्यावरच राबणाऱ्या स्त्रिया तेथेंहि होत्या. ढेंकी म्हणजे पायानें चालवावयाचें उखळमुसळ. त्यावर दुसऱ्यांचें भात कांडून पोट भरणाऱ्या बायकांचा वर्ग या दुष्काळांत सर्वाधिक होरपळलेल्यांपैकीं एक होता. त्या काळचीं चित्रें काढणारा चित्रकारहि होता. चित्तप्रसाद भट्टाचार्य मिदनापूर जिल्ह्यांत पायीं हिंडले आणि भुकेनें मरणाऱ्यांचीं रेखाटनें त्यांनीं पुस्तकरूपानें छापलीं. सरकारनें त्याच्या प्रती जप्त करून जाळल्या. हेच चित्तप्रसाद १९४६ नंतर मुंबईंत येऊन राहिले आणि अंधेरीस त्यांनीं पुष्कळ वर्षें काढलीं. इंग्लंडांतील मुलींच्या श्रमाचें मोल यानें उणें होत नाहीं. परंतु कोणत्या चित्रास भिंत मिळते आणि कोणतें अग्नीच्या स्वाधीन होतें, हें पाहणाऱ्यानें लक्षांत ठेवलेलें बरें.

आणि त्या इंग्रज मुलींच्या पदरीं तरी शेवटीं काय पडलें? युद्ध संपत आलें तेव्हां सैनिकांना आणि इतर सेवांतील स्त्रियांना सरकारनें बक्षिसी आणि पुढील जीवनासाठीं मदत देऊं केली. कृषिसेनेस त्यांतून वगळलें. या मुली सैनिक नव्हेत, शेतमालकांच्या नोकर आहेत, असा युक्तिवाद होता. याच्या निषेधार्थ फेब्रुवारी १९४५ मध्यें लेडी डेन्मन यांनीं राजीनामा दिला. ही हकीकत नातीनें आगगाडींत सांगितली, तेव्हां वहिनी म्हणाल्या, "भिंतीवर चिकटवलें तेव्हां सैनिक, पैसे द्यायची वेळ आली तेव्हां मजूर!"

युद्ध संपलें तरी अन्नाची टंचाई संपली नव्हती. शिधापत्रिका १९५४ पर्यंत चालल्या. म्हणून मुलींना आणखी पांच वर्षें राबवून घेतलें आणि ३० नोव्हेंबर १९५० रोजीं ही सेना विसर्जित झाली. पुढें जवळजवळ साठ वर्षें गेलीं. २००८ सालीं हयात असलेल्या सभासदांस सरकारनें एक मानचिन्ह दिलें. घेणाऱ्या सगळ्या ऐशीच्या पुढेंमागें असलेल्या आजीबाई होत्या. २०१४ सालीं स्टॅफर्डशायरमधील राष्ट्रीय स्मृतिवनांत त्यांचें शिल्प उभें राहिलें. त्यांत एक शेतांत काम करणारी आहे आणि एक लांकूडतोड्या तुकडींतली. दोघी तरुण आहेत. ज्यांच्यासाठीं तें शिल्प घडलें त्यांपैकीं बहुतेक जणी तोंवर ही दुनिया सोडून गेल्या होत्या.

परत निघण्यापूर्वीं घरासाठीं एक चित्र घ्यावें असें ठरलें, आणि एकत्र कुटुंबांत होतें तसें एका चित्रासाठीं चार मतें झालीं. नातीला जाहिरातींतली हंसरी मुलगी हवी होती; रंग झकास आहेत, खोली उजळेल, असें तिचें म्हणणें. आमचा ओढा वळूच्या चित्राकडे होता. सौभाग्यवतींना छाटणीचें चित्र आवडलें. वहिनींनीं मात्र रबरी सडांचें चित्र धरलें, आणि सोडीनात. आम्ही थट्टा करूं लागलों, तेव्हां त्या गंभीरपणें म्हणाल्या, "या चित्रांत काम शिकावें लागतें असें दाखवलें आहे. आपल्याकडे धार काढणें, निंदणी, खुडणी, निवडणें हीं बाईचीं कामें. तीं तिला जन्मतःच येतात, असें धरून चालतात. आणि जें जन्मतः येतें त्याला मोल कशाला द्यायचें? या मुली पिशवीपुढें बसून शिकल्या, हें सगळ्यांनीं पाहिलें. म्हणून त्यांचें काम हें काम ठरलें. मी सासूबाईंच्या मागें उभी राहून शिकलें, तें पाहायला कोण होतें?" यावर कोणी कांहीं बोललें नाहीं, आणि तेंच चित्र घेतलें.

वहिनींच्या या बोलण्यामागें एक जुनी गोष्ट आहे. नोव्हेंबर १९८६ मध्यें नाशिक जिल्ह्यांतील चांदवड येथें शेतकरी संघटनेनें शेतकरी स्त्रियांचें मोठें अधिवेशन भरवलें होतें, आणि त्यास त्या गांवच्या बायकांबरोबर गेल्या होत्या. पुढें कांहीं वर्षांनीं संघटनेनें 'लक्ष्मीमुक्ति' नांवाची मोहीम काढून, जमिनीचा कांहीं भाग शेतकऱ्यानें आपण होऊन पत्नीच्या नांवें करावा असें आवाहन केलें. आमच्या बंधूंनीं त्याप्रमाणें मळ्याजवळचा तुकडा वहिनींच्या नांवें केला आणि सातबाऱ्यावर त्यांचें नांव लागलें. तो उतारा त्यांनीं आजतागायत कपाटांत पोथ्यांशेजारीं ठेवला आहे. बंधु आतां नाहींत. तो तुकडा मात्र वहिनी स्वतःच्या अकलेनें करून घेतात, कोणास विचारावें लागत नाहीं.

वाचकांपैकीं कोणी लंडनला गेल्यास लॅम्बेथच्या त्या संग्रहालयांत अवश्य जावें, सवड असेल तर विंचेस्टरकडील टेकड्याहि पाहून याव्यात. तेथील शेतकरणींचें चित्र आवडल्यास खुशाल विकत घ्यावें आणि दिवाणखान्यांत लावावें. आपल्या लक्ष्मीसरस्वतींस त्याचा राग येणार नाहीं. मात्र घरीं परतल्यावर आपल्या गांवच्या शेताचा उतारा एकदां काढून पाहावा, आणि त्या शेतांत ज्यांचे हात राबतात त्यांचीं नांवें त्यावर आहेत कीं नाहींत, तें शांतपणें वाचावें.